कोष्टकांचा भरवसा आणि पडताळा
भिलाईच्या पोलादापासून घरकर्जाच्या हप्त्यापर्यंत

भिलाईच्या पोलाद नगरीतील एखाद्या घराचा पत्ता ऐकला, की एखाद्या कोष्टकातील जागाच कोणी सांगत आहे असा भास होतो. अमुक सेक्टर, अमुक क्रमांकाचा रस्ता आणि अमुक क्रमांकाचे घर! पेठ, आळी, बोळ, वाडा अशा नावांवर वाढलेल्या पुण्या-नागपूरकडील पाहुण्याला प्रथमदर्शनी हे रुक्ष वाटते. परंतु दोन दिवसांतच त्याच्या ध्यानात येते, की या गावात वाट चुकणे अवघड आहे. ओळ आणि स्तंभ ठाऊक असले म्हणजे हवी ती जागा बिनचूक सापडते. अशाच ओळी आणि स्तंभांच्या आधारावर भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला, आजही त्यांच्याच आधाराने तो चालतो आणि तेथील पोलाद देशभरातील घरांत व लोहमार्गांत जाऊन बसते, तेही कोष्टकांच्याच हिशेबाने.

कोष्टक ही वस्तू इतकी परिचयाची आहे, की तिच्याकडे सहसा कोणी कुतूहलाने पाहत नाही. शाळेतील पाढे, पंचांगातील रकाने, रेल्वेचे वेळापत्रक, बँकेतील व्याजाचा तक्ता ही सारी कोष्टकेच. कोणीतरी एकदा कष्टाने केलेली आकडेमोड पुढील हजारो माणसांना पुन्हा करावी लागू नये, यासाठी ती मांडून ठेवलेली असते. मात्र या सोयीबरोबर एक जबाबदारीही येते. आयता मिळालेला आकडा कोणत्या अटीवर खरा आहे, हे वापरणाऱ्याने जाणून घेतले पाहिजे. ते जाणले नाही तर काय होते, हे पोलादाच्या भट्टीपाशीही दिसते आणि कर्जाच्या करारापाशीही.

नव्या मापांचा काळ

भिलाईच्या कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला. त्या वेळी दुर्ग जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे वसली होतीच. दुर्ग, राजनांदगाव, रायपूर या गावांना मराठी बोली परकी नव्हती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आरंभी वार्षिक दहा लाख टन पोलादाची योजना असलेला हा कारखाना पुढे पंचवीस लाख आणि नंतर चाळीस लाख टनांच्या क्षमतेपर्यंत वाढला. दल्ली-राजहराच्या खाणींतील लोहखनिज आणि नंदिनीचा चुनखडक यांवर त्याची भट्टी पेटती राहिली.

सोव्हिएत संघात मेट्रिक मापे रूढ होती. आपल्याकडे मात्र त्या काळी अभियंत्याच्या हाती फूट, इंच आणि पौंड होते, बाजारात मण, शेर आणि तोळा होता. याच वर्षांत संपूर्ण देशही मापे बदलत होता. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी चलनात आली. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले आणि दुकानांतून, टपाल कचेऱ्यांतून रूपांतराची कोष्टके लागली. एका आण्याचे गणिताने सव्वासहा पैसे होतात; परंतु पाव पैशाचे नाणे कोठून आणणार? म्हणून कोष्टकात एक आणा म्हणजे ६, दोन आणे म्हणजे १२, तीन आणे म्हणजे १९ आणि चार आणे म्हणजे २५ नवे पैसे असे पूर्णांक ठरविण्यात आले. चार वेळा एकेक आणा दिला तर २४ पैसे आणि एकदम चार आणे दिले तर २५! कोष्टकातील आकडा हा पुष्कळदा जवळचा आकडा असतो, तंतोतंत नव्हे, हा धडा त्या काळी प्रत्येक गृहिणीने आणि वाण्याने गिरविला.

पावकीपासून ग्रहगणितापर्यंत

मराठी माणसाला हा धडा अगदीच नवा नव्हता. जुन्या मराठी शाळेत दोन ते तीसपर्यंतचे पाढे झाले, की मुलांना अपूर्णांकांचे पाढे शिकवीत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी अशी त्यांची नावे. औट म्हणजे साडेतीन. ज्याला औटकी मुखोद्गत आहे, त्याला साडेतीन रुपये शेराच्या भावाने सतरा शेरांचे किती, हे सांगायला कागद लागत नसे. ही कोष्टके पुस्तकात नसून जिभेवर असत, एवढाच काय तो फरक.

सोडविलेल्या उदाहरणांची परंपराही या भूमीत जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचा लीलावती हा भाग म्हणजे नियम आणि उदाहरणे यांचा मेळ होय. नियम थोडक्यात सांगायचा आणि लगेच व्यवहारातील प्रश्न विचारायचा, अशी त्याची रीत. त्यातील मिश्रव्यवहार या प्रकरणात मुद्दल आणि व्याज एकत्र झालेल्या रकमेतून दोन्ही वेगळे कसे काढावेत, याचा विचार आहे. उदाहरणार्थ, दरमहा शेकडा तीन या दराने बारा महिन्यांनी मुद्दल व सरळ व्याज मिळून १,३६० रुपये झाले, तर मुद्दल किती? शंभराचे वर्षाअखेर १३६ होतात; म्हणून १,३६० ला १३६ ने भागून शंभराने गुणावे. मुद्दल १,००० रुपये. आठशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा विषय आजच्या बँकेच्या मेजावर ठेवला तरी शिळा वाटणार नाही. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला, असे तेथील १२०७ सालचा शिलालेख सांगतो.

पुढे आधुनिक काळात पुण्याचे केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ मराठीत सिद्ध केला. पाश्चात्त्य ग्रहगणिताचे निष्कर्ष मराठी रकान्यांत उतरवून त्यांनी पंचांगकर्त्यांची मोठी सोय केली. लोकमान्य टिळकांचे ते गुरू. मराठी भाषेत शास्त्रीय कोष्टके छापता येतात आणि त्यांवर विसंबून काम करता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

लॉगची किमया

भिलाईची पहिली पिढी कामाला लागली तेव्हा अभियंत्यांच्या खिशात गणकयंत्र नव्हते. सरकपट्टी म्हणजे स्लाइड रूल आणि लॉगॅरिदमची कोष्टके हीच त्यांची साधने. स्कॉटलंडच्या जॉन नेपिअरने १६१४ साली लॉगॅरिदमची कल्पना प्रसिद्ध केली आणि हेन्री ब्रिग्जने १६२४ साली दहाच्या पायावरील चौदा दशांश स्थळांची प्रचंड कोष्टके छापली. गुणाकाराच्या जागी बेरीज आणि भागाकाराच्या जागी वजाबाकी, एवढे हे सूत्र. त्याने ज्योतिषी, नाविक आणि अभियंते यांच्या आयुष्यातील कित्येक वर्षे वाचविली.

ठेवीदाराच्या उपयोगाचे एक उदाहरण पाहा. द.सा.द.शे. आठ या चक्रवाढ दराने रक्कम दुप्पट होण्यास किती वर्षे लागतील? दर वर्षी रक्कम १.०८ पट होते. चार दशांश स्थळांच्या कोष्टकात २ चा लॉग ०.३०१० आणि १.०८ चा लॉग ०.०३३४ मिळतो. पहिल्याला दुसऱ्याने भागले की ९.०१ येतात. म्हणजे नऊ वर्षे. व्यवहारात ७२ ला दराने भागण्याची जी सोपी युक्ती सांगतात तिचे उत्तरही नऊच येते. युक्ती पाठ असली तरी तिचे मूळ लॉगच्या कोष्टकात आहे, हे माहीत असावे. महाराष्ट्रातील बारावीच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या हाती ते कोष्टक आजही असते.

हाताने केलेल्या आणि हाताने जुळविलेल्या खिळ्यांनी छापलेल्या या कोष्टकांत चुका राहत. एका पुस्तकातील चूक दुसऱ्यात उतरे. या चुकांचा वीट येऊन इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने १८२१ च्या सुमारास कोष्टके यंत्राने तयार करण्याचा ध्यास घेतला. त्याचे यंत्र त्याच्या हयातीत पूर्ण झाले नाही. परंतु आजच्या संगणकाच्या कुळकथेत त्याचे नाव अग्रभागी आहे. संगणकाची पहिली प्रेरणा बिनचूक कोष्टकाची होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

रुळात दडलेले सत्तर टन

भिलाईची ओळख सर्वसामान्यांना आहे ती रेल्वेच्या रुळांमुळे. भारतीय रेल्वेला रूळ पुरविणारा हा प्रमुख कारखाना. येथील आधुनिक मिलमध्ये १३० मीटर लांबीचा अखंड रूळ लाटला जातो आणि असे दोन रूळ जोडून २६० मीटरचा पट्टा तयार होतो.

रुळाच्या कोष्टकात ‘६० किलो’ या वर्गासमोर छेदाचे क्षेत्रफळ ७६.८६ चौरस सेंटिमीटर आणि दर मीटरला वजन ६०.३४ किलो असे दोन आकडे आढळतात. हे दोन आकडे परस्परांचे साक्षीदार आहेत. एक मीटर रुळाचे घनफळ ७,६८६ घनसेंटिमीटर. पोलादाच्या एका घनसेंटिमीटरचे वजन ७.८५ ग्रॅम, गुणाकार केला की ६०,३३५ ग्रॅम, म्हणजेच ६०.३४ किलो. स्तंभ स्तंभाशी जुळला. एखादा आकडा छापताना उलटापालटा झाला असता, तर या एका गुणाकाराने तो पकडला गेला असता. चांगल्या कोष्टकात असा पडताळा अंगभूत असतो. या वजनावरून १३० मीटरच्या एका रुळाचे वजन सुमारे ७.८४ टन आणि एक किलोमीटर लोहमार्गाच्या दोन्ही रुळांचे सुमारे १२०.७ टन भरते.

लांब रूळ कशासाठी, हेही गणितच सांगते. १३ मीटरचे रूळ वापरले तर एका किलोमीटरला एका बाजूस सुमारे ७७, म्हणजे दोन्ही बाजूंस मिळून सुमारे १५४ सांधे येतात. २६० मीटरचे पट्टे वापरले तर दोन्ही बाजूंस मिळून सुमारे आठच. प्रवाशाला ओळखीचा असलेला तो ‘खडाक खडाक’ आवाज प्रत्येक सांध्याचा. आणि प्रत्येक सांधा म्हणजे चाकांचा आघात, झीज आणि देखभाल.

पण मग उन्हाचे काय? पोलाद तापले की वाढते. दर अंशाला, दर मीटरला सुमारे ०.०११५ मिलिमीटर, असे कोष्टक सांगते. तापमान ४० अंशांनी वाढले, तर १३ मीटरचा मोकळा रूळ सुमारे ६ मिलिमीटर वाढेल. म्हणून जुन्या मार्गात सांध्याशी फट ठेवीत. २६० मीटरचा मोकळा पट्टा मात्र जवळजवळ १२ सेंटिमीटर वाढेल. एवढी फट ठेवणे अशक्य. म्हणून लांब रुळाला वाढूच द्यायचे नाही, असा मार्ग स्वीकारला गेला. स्लीपर, पकडी आणि खडी यांनी तो जखडून ठेवायचा. न झालेली ही वाढ रुळाच्या पोटात दाबाच्या रूपाने राहते. तो दाब किती? पोलादाचा स्थितिस्थापकतेचा अंक दर चौरस मिलिमीटरला सुमारे २ लाख न्यूटन धरावा. त्याला ०.०००४६ या रोखलेल्या वाढीच्या प्रमाणाने गुणले की ९२ न्यूटन येतात. रुळाचा छेद ७,६८६ चौरस मिलिमीटर. गुणाकार सुमारे ७ लाख ७ हजार न्यूटन, म्हणजेच जवळपास ७२ टनांचा जोर! प्रत्येक रुळात, डोळ्यांना न दिसता. कडक उन्हाळ्यात खडी कमी पडलेल्या जागी रूळ वाकण्याची आणि कडाक्याच्या थंडीत उलट ताणाने तो तुटण्याची भीती असते, ती याचमुळे. अशा दिवसांत लोहमार्गावर गस्त घातली जाते. कोष्टकातील एका क्षुल्लक दिसणाऱ्या दशांश अपूर्णांकाशी हजारो प्रवाशांची सुखरूपता अशी बांधलेली असते.

कोष्टकाच्या माथ्यावरची ओळ

पोलाद ओतण्यापूर्वी त्याचे तापमान नेमके कळावे लागते. ते सुमारे दीड हजार अंशांच्या वर असते. तेथे पाऱ्याचा तापमापक चालत नाही. म्हणून थर्मोकपल वापरतात. दोन भिन्न धातूंच्या तारांचे एक टोक वितळलेल्या पोलादात आणि दुसरे बाहेर ठेवले, की सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. त्या दाबावरून तापमान किती, हे कोष्टकात पाहायचे. प्लॅटिनम आणि ऱ्होडियम यांच्या एका प्रचलित थर्मोकपलसाठी १,५०० अंशांसमोर १५.५८२ आणि १,६०० अंशांसमोर १६.७७७ मिलिव्होल्ट असे आकडे आहेत. समजा, वाचन १६.१८ मिलिव्होल्ट आले. शंभर अंशांत दाब १.१९५ ने वाढतो; आपले वाचन पहिल्या आकड्याच्या ०.५९८ ने पुढे आहे. म्हणजे बरोबर निम्मी वाटचाल. तापमान सुमारे १,५५० अंश. दोन ओळींमधील किंमत अशा त्रैराशिकाने काढतात.

परंतु याच कोष्टकाच्या माथ्यावर एक ओळ छापलेली असते. बाहेरचे टोक शून्य अंशावर आहे असे धरून हे आकडे दिले आहेत, असे ती सांगते. भिलाईच्या कारखान्यात शून्य अंश कोठून असणार? बाहेरचे टोक ३० अंशांवर असेल, तर त्यापोटी ०.१७३ मिलिव्होल्ट वाचनात मिळवावे लागतात. ते मिळविले नाहीत, तर तापमान सुमारे चौदा-पंधरा अंशांनी कमी समजले जाईल. आजची उपकरणे ही भरपाई आपोआप करतात. तरी तत्त्व तेच राहते. आकडा खरा असूनही माथ्यावरची अट न वाचल्यास उत्तर खोटे ठरते.

संगणकाच्या पोटातही कोष्टक

हाती संगणक असताना आता कोष्टकांची गरज काय, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. परंतु संगणक स्वतःच आपल्या पोटात कोष्टके बाळगून असतो. १९९४ साली पेंटियम या लोकप्रिय संगणकचिपमध्ये भागाकाराचा दोष आढळला. थॉमस नाइसली हे अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक मूळ संख्यांवर काम करीत असता उत्तरे जुळेनात, म्हणून तो ध्यानात आला. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागले असता १.३३३८२ यावयास हवे. सदोष चिप १.३३३७४ असे उत्तर देई. भागाकार वेगाने व्हावा म्हणून चिपमध्ये १,०६६ नोंदींचे एक कोष्टक बसविलेले होते आणि त्यातील पाच नोंदी राहून गेल्या होत्या. त्या पाच रिकाम्या जागांपायी निर्मात्या कंपनीला सुमारे ४७ कोटी ५० लाख डॉलरचा भार सोसावा लागला. ज्याने उत्तर दुसऱ्या मार्गाने पडताळून पाहिले, त्यालाच दोष दिसला.

घर बांधणाऱ्याची सळई

आता कारखान्याच्या फाटकाबाहेर यावे. आयुष्यभर नोकरी केलेला कामगार निवृत्तीच्या सुमारास भविष्यनिर्वाह निधीतून आणि थोड्या कर्जातून घर बांधावयास काढतो, तेव्हा त्याच्या दारात पोलाद येते ते सळयांच्या रूपाने. त्या वेळी पुढील छोटे कोष्टक खिशात असावे.

सळईचा व्यास : दर मीटर वजन : १२ मीटरच्या एका सळईचे वजन
८ मिमी : ०.३९५ किलो : ४.७४ किलो
१० मिमी : ०.६१७ किलो : ७.४० किलो
१२ मिमी : ०.८८८ किलो : १०.६६ किलो
१६ मिमी : १.५८ किलो : १८.९६ किलो
२० मिमी : २.४७ किलो : २९.६ किलो

हे कोष्टक हरवले तरी हरकत नाही. व्यासाचा वर्ग करून त्याला १६२ ने भागले, की दर मीटर वजन मिळते. बारा गुणिले बारा म्हणजे १४४; भागिले १६२ म्हणजे ०.८८९. मिस्त्रीही ही रीत जाणतात. तिचे मूळ वर्तुळाच्या क्षेत्रफळात आणि पोलादाच्या घनतेत आहे.

आता उदाहरण. एक टन म्हणून १२ मिलिमीटरच्या ९० सळया उतरविल्या गेल्या. कोष्टकाप्रमाणे एका टनात ९४ सळया यावयास हव्यात. ९० सळयांचे वजन सुमारे ९५९ किलो. म्हणजे ४१ किलो कमी. म्हणून लगेच विक्रेत्यावर आरोप करावा काय? नाही. कारण येथेही माथ्यावर एक अट आहे. भारतीय मानकानुसार १० मिलिमीटरपर्यंतच्या सळयांच्या वजनात सात टक्के, त्यापुढे १६ मिलिमीटरपर्यंत पाच टक्के आणि त्याहून जाड सळयांत तीन टक्के अधिक-उणे चालते. सळया किंचित जाड असतील, तर ९० नगांतही टन भरू शकतो. कोष्टक शंका उपस्थित करते. निवाडा वजनकाटा देतो. मात्र ज्याच्यापाशी कोष्टकच नाही, त्याच्या मनात शंकाही येत नाही आणि काट्यावर गाडी नेण्याचेही त्याला सुचत नाही.

हप्त्याचे कोष्टक

घराच्या पोलादाप्रमाणेच घराच्या कर्जालाही कोष्टक असते. समान मासिक हप्त्याच्या कोष्टकात ९ टक्के दर आणि २० वर्षे यांच्या छेदावर लाखाला सुमारे ९०० रुपये असा आकडा सापडेल. दहा लाखांना ८,९९७ रुपये. तोच दर ठेवून मुदत १५ वर्षे घेतली, तर हप्ता १०,१४३ रुपये. दरमहा सुमारे १,१४५ रुपयांचा फरक. आता एकूण परतफेड पाहू. वीस वर्षांत सुमारे २१ लाख ५९ हजार. पंधरा वर्षांत सुमारे १८ लाख २६ हजार. दरमहा थोडा अधिक भार सोसला, तर सुमारे ३ लाख ३४ हजार रुपये वाचतात. एका ओळीत शेजारी शेजारी असणाऱ्या दोन आकड्यांतील हे अंतर आहे.

या कोष्टकाची एक ओळ हाताने करून पाहावी. पहिल्या महिन्याचे व्याज म्हणजे दहा लाखांवर ९ टक्क्यांचा बारावा हिस्सा, ७,५०० रुपये. हप्ता ८,९९७, म्हणजे मुद्दलापोटी केवळ १,४९७ रुपये. दुसऱ्या महिन्यात व्याज थोडे घटते, मुद्दलाचा वाटा थोडा वाढतो. या गतीने निम्मे मुद्दल फिटावयास चौदा वर्षे लागतात आणि उरलेले निम्मे शेवटच्या सहा वर्षांत फिटते. ‘इतकी वर्षे हप्ते भरले, तरी कर्ज तसेच कसे?’ हा शाखेत वारंवार विचारला जाणारा प्रश्न याच गणितातून उद्भवतो. सुरुवातीच्या वर्षांत जमेल तेवढी आगाऊ परतफेड करावी, या सल्ल्याचे कारणही हेच.

येथेही माथ्यावरची ओळ महत्त्वाची. एक लाख रुपये, तीन वर्षे, ‘फक्त दहा टक्के’ अशी जाहिरात आढळली, तर दहा टक्के कशावर, हे विचारावे. मूळ रकमेवर तीन वर्षे सरसकट व्याज असेल, तर व्याज ३०,००० रुपये आणि हप्ता ३,६११ रुपये होतो. घटत्या शिलकीवर १८ टक्के दर लावला, तर हप्ता ३,६१५ रुपये येतो. म्हणजे सरसकट पद्धतीचे दहा टक्के हे घटत्या शिलकीच्या जवळजवळ अठरा टक्क्यांएवढे पडतात. दोन्ही कोष्टके आपापल्या जागी बिनचूक आहेत. त्यांच्या माथ्यावरची अट मात्र वेगळी आहे आणि ग्राहकाचे पैसे त्या अटीत जातात.

दर बदलता असेल, तर आजचे कोष्टक आजच्यापुरतेच असते. दर वाढला, की हप्ता वाढतो किंवा मुदत लांबते. याविषयी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना स्पष्ट सूचना दिल्या आणि दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, याची निवड कर्जदाराला मिळावी असे ठरविले. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी मुख्य तथ्य विवरण देणे बंधनकारक झाले. त्यात शुल्कांसह पडणारा वार्षिक दर आणि परतफेडीचे संपूर्ण कोष्टक असते. स्वाक्षरीपूर्वी या कागदाची एखादी ओळ तरी पडताळून पाहणे, हा ग्राहकाचा अधिकार आहे आणि त्याच्या हिताचेही आहे.

रीत हाती असावी

भिलाई आज जशी पोलादाची, तशीच अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीची नगरी म्हणून ओळखली जाते. २०१६ साली येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेची स्थापना झाली. एके काळी सोव्हिएत अभियंत्यांबरोबर कारखाना उभारणाऱ्या या गावातील मुले आजही इरोडोव यांच्या भौतिकशास्त्रातील रशियन उदाहरणसंग्रहाशी झुंजतात, हा एक गोड योगायोग. या प्रवेशपरीक्षेत गणकयंत्र चालत नाही. म्हणून विद्यार्थी उत्तराचा अंदाज आधी बांधतो आणि आकडेमोड नंतर करतो. उत्तर दहापट चुकले, तर त्याला ते लगेच खटकते.

हीच सवय घरातील थोरांनी उचलावयास हवी. कोष्टक उत्तर देते. सोडविलेले उदाहरण रीत देते. रीत ठाऊक असणाऱ्याच्या हाती कोष्टक हे अवजार ठरते, नसणाऱ्याला मात्र ते सांगेल ते मान्य करावे लागते. सळयांची गाडी दारात उभी असो वा कर्जाचा करार मेजावर असो, तीन गोष्टी पुरेशा आहेत. माथ्यावरची अट वाचावी, एक स्तंभ दुसऱ्याशी ताडून पाहावा आणि एक तरी ओळ स्वतः सोडवून पाहावी. त्यासाठी एक पेन्सिल, पाठकोरा कागद आणि दहा मिनिटे लागतात. शंका उरली, तर तो कागद घेऊन शाखेत यावे. आकडेमोड करून आलेला ग्राहक अधिकाऱ्यालाही हवाहवासा वाटतो, कारण त्याच्याशी बोलताना दोघांच्याही समोर एकच कोष्टक असते.